पहिला डॉक्टर कोणता?
(गोल बाजार, रायपूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणापुढे जो विषय मांडणार आहे, तो वरकरणी अगदी साधा आहे. घरातील माणूस आजारी पडले म्हणजे त्याला प्रथम कोणाकडे न्यावे, हा तो प्रश्न होय. मोठ्या शस्त्रक्रियांविषयी आणि नव्या औषधांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु रुग्णाची पहिली गाठ ज्याच्याशी पडते, त्या माणसाविषयी आपण क्वचितच विचार करतो. वास्तविक पुढचे सारे काही या पहिल्या गाठीवर अवलंबून असते. योग्य माणसाने योग्य वेळी आजार ओळखला तर चार रुपयांत काम भागते. तो ओळखला गेला नाही तर शेत विकूनही कित्येकदा माणूस हाती लागत नाही.

हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. या गोल बाजाराचेच उदाहरण घ्या. खेड्यातून लग्नाच्या खरेदीला आलेले कुटुंब येथे किराणा, भांडी आणि पूजेचे साहित्य घेते आणि जाता जाता जडीबुटीच्या दुकानातून म्हाताऱ्या आईच्या खोकल्यावरचे औषधही बांधून घेते. आपण ज्याला हिरडा म्हणतो तो येथे हर्रा होतो, आपला काडेचिराईत चिरायता होतो. नावे बदलली तरी विश्वास तोच असतो. बाजारातून बाहेर पडले की औषधांची दुकाने आणि दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागतात. एका पाटीवर एम.बी.बी.एस., दुसरीवर बी.ए.एम.एस., तिसरीवर बी.एच.एम.एस., तर चौथीवर एम.डी. अशी अक्षरे असतात. दाऊ कल्याणसिंह यांच्या नावाचे रुग्णालय येथून फार दूर नाही आणि तेथे आज अतिविशेष उपचार होतात. शहराच्या पश्चिमेला टाटीबंध येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. एवढे सारे समोर असताना कोणती पायरी प्रथम चढावी, हे त्या कुटुंबाला कोणीही समजावून सांगितलेले नसते.

प्रारंभी एका जुन्या अभ्यासाची आठवण करून देतो. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटन येथील माहितीच्या आधारे एक हिशोब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली तर एका महिन्यात त्यांतील सुमारे साडेसातशे जणांना काही ना काही दुखणे होते; अडीचशे जण डॉक्टरकडे जातात; नऊ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागते; पाच जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जाते आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयाची गरज अवघ्या एकाला लागते. हे आकडे परक्या देशांतील आणि जुन्या काळातील आहेत हे खरे. तथापि त्यांतून निघणारे तत्त्व आपल्यालाही लागू पडते. आजारपणाचा फार मोठा भाग पहिल्याच पायरीवर निकालात निघतो, निदान निघावयास हवा. आपली बहुतेक चर्चा मात्र त्या हजारातील एकाभोवती फिरत असते.

पहिल्या पायरीवरच्या डॉक्टराचे काम तरी काय असते? बार्बरा स्टारफील्ड या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ विदुषीने त्याची चार लक्षणे सांगितली आहेत. रुग्ण प्रथम त्याच्याकडे येतो, हे पहिले. तो एका आजारापुरता नव्हे, तर वर्षानुवर्षे त्या माणसाला सांभाळतो, हे दुसरे. मूल, गर्भवती, वृद्ध, ताप, जखम, चिंता अशा बहुतेक गोष्टींची दखल तो घेतो, हे तिसरे. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा योग्य ठिकाणी पाठवून पुढचा धागा हाती ठेवतो, हे चौथे. दुसऱ्या लक्षणाचे महत्त्व छत्तीसगढात विशेष आहे. येथे आणि शेजारच्या विदर्भातही सिकलसेलचा आजार अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. सांधे दुखतात म्हणून आलेल्या मुलाला वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवणारे पुष्कळ भेटतात. ज्याने त्याच्या मोठ्या बहिणीचा फिकेपणा पाहिलेला आहे आणि ज्याला त्या घराची माहिती आहे, तो मात्र रक्त तपासावयास सांगतो. हे ज्ञान केवळ पुस्तकातून येत नाही. ते ओळखीतून येते.

आता प्रकारांकडे वळू. मात्र त्याआधी थोडा इतिहास पाहावा लागेल, कारण आजच्या गोंधळाचे मूळ त्यात आहे.

इंग्रजी अमदानीत आपल्या देशात आधुनिक वैद्यकाचे दोन प्रकारचे डॉक्टर होते. एक विद्यापीठाचे पदवीधर आणि दुसरे वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळविलेले, म्हणजे लायसेन्शिएट. जुन्या पिढीतील लोक त्यांना एल.एम.पी. डॉक्टर म्हणून ओळखत. रायपूर त्या काळी मध्यप्रांतात होते आणि या प्रांताची वैद्यकीय शाळा होती नागपूरला. १९१४ साली स्थापन झालेली रॉबर्टसन मेडिकल स्कूल ती हीच. छत्तीसगढचे थोर पुढारी डॉ. खूबचंद बघेल याच शाळेत शिकले होते. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणारा, बाळंतपणापासून हाड मोडण्यापर्यंत सारे पाहणारा जो डॉक्टर आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतो, तो बहुधा असाच एल.एम.पी. असे.

१९४३ साली सरकारने देशाच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर हे तिचे अध्यक्ष होते. १९४६ साली समितीने आपला अहवाल दिला. त्या काळी देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतील जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते; म्हणजे दर पाचांत तीनांहून अधिक. समितीने बहुमताने असे ठरविले की यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार करावा आणि लायसेन्शिएटचे शिक्षण बंद करावे. त्यामागील हेतू उदात्त होता. खेड्यातील माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का म्हणून द्यावा, हा प्रश्न स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या देशाला शोभणाराच होता. परंतु समितीतील काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हा मार्ग बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचा निर्णय अमलात आला. नागपुरात १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, रायपुरात १९६३ साली निघाले. पदवीधर वाढले, परंतु ते शहरांत राहिले आणि एल.एम.पी. डॉक्टरांनी सोडलेली जागा पुष्कळशा गावांत रिकामीच राहिली.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेऊन आज आपल्याला कोण कोण भेटतात ते क्रमाने पाहू.

पहिला, एम.बी.बी.एस. झालेला सामान्य डॉक्टर. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता एवढी त्याची तयारी असते. कायद्याने तो आधुनिक वैद्यकाचा पूर्ण अधिकारी आहे. त्याची अडचण एवढीच की, त्याचे बहुतेक शिक्षण मोठ्या रुग्णालयात, म्हणजे त्या हजारातील एका रुग्णाच्या खाटेशेजारी झालेले असते. उरलेल्या अडीचशेंची गाठ त्याला पुढे व्यवसायातच पडते.

दुसरा, कुटुंबवैद्यकाचा पदव्युत्तर डॉक्टर. पहिल्या पायरीचे काम हेच ज्याचे विशेष शास्त्र, असा हा प्रकार आहे. ब्रिटनसारख्या देशात तो आरोग्यसेवेचा कणा मानला जातो. आपल्याकडे या विषयातील पदव्या आहेत, परंतु जागा थोड्या आहेत आणि लोकांना नावही फारसे परिचित नाही. ‘फॅमिली डॉक्टर’ हा शब्द मराठी घरांत शंभर वर्षे नांदतो आहे. त्या नावाचे शास्त्र मात्र अद्याप पाहुण्यासारखेच आहे.

तिसरा, तज्ज्ञ असूनही पहिल्या पायरीवर बसलेला डॉक्टर. औषधवैद्यकातील एम.डी. म्हणजे ज्याला आपण फिजिशियन म्हणतो तो, तसेच बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडे शहरातील लोक थेट जातात. फिजिशियन प्रौढांच्या अंतर्गत आजारांचा जाणकार असतो, शस्त्रक्रिया हे त्याचे क्षेत्र नव्हे. बालरोगतज्ज्ञ मुलांचा सर्वांगीण डॉक्टर असतो. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार एकाच माणसात असतील तेव्हा फिजिशियनची जरुरी खरीच असते. साध्या सर्दीतापासाठी त्याच्या दारात रांग लावली तर मात्र आपलाही पैसा जातो आणि खऱ्या गरजूचा वेळही जातो.

चौथा, आयुर्वेद, होमिओपॅथी वा युनानी यांचा पदवीधर. त्याचेही शिक्षण आंतरवासितेसह साधारण साडेपाच वर्षांचेच असते. त्याच्या शास्त्रात तो अधिकारी आहे. प्रश्न उद्भवतो तो त्याने आधुनिक औषधे लिहून दिली म्हणजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका प्रकरणात असा निर्णय दिला की, होमिओपॅथीच्या पदवीवर आधुनिक औषधे देणे हा निष्काळजीपणा होय. १९९८ सालच्या निर्णयात असे स्पष्ट झाले की, ज्या राज्याचा कायदा तसा अधिकार देतो तेथेच अशा वैद्यांना आधुनिक औषधे देता येतील. म्हणून ही बाब राज्याराज्यांत वेगळी आहे. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात बदल करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित मुभा दिली आणि तो वाद न्यायालयातही गेला. नागपूरची रीत रायपूरला लागू असेलच असे समजू नये, हा यातील बोध.

पाचवा प्रकार खास छत्तीसगढचा आहे आणि तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा होय.

१ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य अस्तित्वात आले तेव्हा बस्तर आणि सरगुजा भागांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या जागा मोठ्या प्रमाणात रिक्त होत्या. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात वीस हजार लोकांमागे एक केंद्र, असा दंडक होता. परंतु इमारतीत डॉक्टर नसेल तर दंडकाचा उपयोग काय? नव्या सरकारने २००१ साली कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याला एक वर्षाची आंतरवासिता जोडली. पंचावन्न वर्षांपूर्वी बंद केलेले दारच एका अर्थी पुन्हा उघडले गेले. वैद्यकीय संघटनांनी याला कडाडून विरोध केला. ‘अर्धे डॉक्टर’ निर्माण होतील असा त्यांचा आक्षेप होता. अभ्यासक्रमाचे नाव एकाहून अधिक वेळा बदलले, आपल्या पदविकेला नेमकी मान्यता काय, या चिंतेने विद्यार्थ्यांनी आंदोलने केली आणि थोड्याच वर्षांत नवे प्रवेश थांबले. तोवर हजाराहून अधिक तरुण-तरुणी या मार्गाने शिकून तयार झाल्या होत्या. २००८ पासून त्यांना ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ या पदावर प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. नेमून दिलेली औषधे देणे, किरकोळ जखमा शिवणे, साधी बाळंतपणे करणे आणि अवघड रुग्णाला वेळेवर पुढे पाठविणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप ठरले.

आता खरा प्रश्न असा की, ही माणसे कामाला कशी ठरली? याचे उत्तर केवळ मतांवर सोडलेले नाही. कृष्ण राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तीसगढातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत याची पाहणी केली आणि तिचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकारी, आयुष पदवीधर, ग्रामीण वैद्यकीय सहायक आणि डॉक्टर नसताना रुग्ण पाहणारे परिचारिका-कंपाउंडर वर्गातील कर्मचारी असे चार गट त्यांनी घेतले. अतिसार, न्यूमोनिया, हिवताप, क्षय, मधुमेह आणि गर्भवतीचा रक्तदाब वाढून उद्भवणारा धोका, अशा नित्याच्या दुखण्यांचे नमुने त्यांच्यापुढे ठेवले आणि ते काय विचारतात, काय तपासतात, कोणते निदान व कोणते औषध सांगतात, हे नोंदविले. निष्कर्ष असा निघाला की, या दुखण्यांच्या बाबतीत तीन वर्षे शिकलेले सहायक एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. आयुष पदवीधर त्यांच्या मागे होते आणि इतर कर्मचारी सर्वांत मागे.

या निष्कर्षाचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. तीन वर्षांचे शिक्षण साडेपाच वर्षांच्या शिक्षणाइतकेच असते, असे त्यातून सिद्ध होत नाही. गुंतागुंतीच्या आजारात वा शस्त्रक्रियेत हे दोघे समान आहेत, असेही नाही. शिवाय कागदावरील रुग्णाला दिलेले उत्तर आणि गर्दीच्या दिवशी प्रत्यक्ष रुग्णाला दिलेली वागणूक यांत अंतर असू शकते. सिद्ध होते ते एवढेच की, एखाद्या कामासाठी मुद्दाम तयार केलेला माणूस ते विशिष्ट काम चांगले करतो. आयुष पदवीधर मागे पडले ते बुद्धीने नव्हे. ज्या कामासाठी त्यांना शिकविलेलेच नव्हते, ते काम त्यांच्याकडून अपेक्षिले गेले होते. यात त्यांच्यावर अन्याय झाला आणि रुग्णावरही झाला.

या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. गरिबाला दुय्यम सेवा देऊ नये, हे भोर समितीचे म्हणणे आजही मोडीत काढता येत नाही. परंतु दंतेवाड्याच्या खेड्यातील बाईपुढे एम.बी.बी.एस. आणि सहायक असा पर्याय बहुधा नसतोच. तिच्यापुढे पर्याय असतो तो सहायक की बैगा-गुनिया, किंवा सहायक की पिशवीत इंजेक्शने घेऊन सायकलीवर फिरणारा, कसलीही पदवी नसलेला माणूस. तुलना करावयाची तर या खऱ्या पर्यायांची केली पाहिजे. आसामनेही २००४ साली अशाच तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तो घटनाबाह्य ठरविला, कारण वैद्यकीय शिक्षणाचे दर्जे ठरविण्याचा अधिकार संसदेचा आहे. त्याच संसदेने २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्य सेवकाची तरतूद केली आहे. म्हणजे १९४६ सालचा वाद मिटलेला नाही. तो केवळ एका दालनातून दुसऱ्या दालनात गेला आहे.

सहाव्या प्रकारात मी डॉक्टर नसलेल्यांचा उल्लेख करतो, कारण त्यांच्यावाचून पहिली पायरी पुरी होत नाही. २०१८ पासून उपकेंद्रांच्या पातळीवर सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. ते बहुतेक परिचर्येचे पदवीधर असून रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी आणि औषधोपचार चालू ठेवणे ही कामे करतात. आणि त्यांच्याही आधी येते ती मितानीन. छत्तीसगढीत मितानीन म्हणजे जन्मभराच्या मैत्रीची शपथ घेतलेली सखी. २००२ साली या नावाने वस्तीवस्तीत आरोग्यकार्यकर्त्या निवडण्यास आरंभ झाला आणि आज त्यांची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या योजनेला या अनुभवाचा मोठा आधार मिळाला. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करता येतात, हे १९९९ साली जगापुढे मांडले होते. धोका ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी पदवी लागत नाही; शिकविलेली नजर मात्र लागते.

आता शेवटी व्यवहाराचे चार शब्द सांगतो.

पाटी वाचावयास शिका. डॉक्टराच्या नावापुढील अक्षरे कोणत्या शास्त्राची आहेत हे पाहा आणि त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. राज्याच्या वैद्यक परिषदेकडे नोंदलेला डॉक्टर असा प्रश्न ऐकून रागावत नाही. दुसरे असे की, एक डॉक्टर धरून राहा आणि जुने कागद एका पिशवीत सांभाळून ठेवा. दर आजाराला नवा दवाखाना गाठणाऱ्याचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. तिसरे, जो दर तापाला इंजेक्शन वा सलाईन देतो आणि जो कधीच कोणाला पुढे पाठवीत नाही, त्याच्यापासून सावध राहा. मर्यादा ओळखणे हे चांगल्या डॉक्टराचे पहिले लक्षण होय, मग तो साडेपाच वर्षे शिकलेला असो की तीन.

आणि काही प्रसंगी कोणता डॉक्टर, याचा विचार करीत बसू नका. दोन महिन्यांहून लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचा ५० वा अधिक आणि वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक चालत असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. काढा उकळत बसण्याची ती वेळ नव्हे. गर्भवतीचे डोके सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोंडावर सूज असेल, तर त्याच दिवशी तिचा रक्तदाब तपासला गेलाच पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात थुंकी तपासावी, हिवतापाच्या प्रदेशातील तापात रक्त तपासावे. मुलाला जुलाब होत असतील तर क्षारसंजीवनीचे पाणी घरीच सुरू करावे आणि डॉक्टराच्या किंवा मितानीनच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. मघाशी सांगितलेल्या पाहणीतील दुखणी हीच होती. ती ओळखणारा माणूस तुमच्या गावापासून किती अंतरावर आहे, हे आजारी पडण्यापूर्वीच माहीत करून घ्या.

मित्रहो, पहिला डॉक्टर कोणता, याला एका शब्दाचे उत्तर नाही. जो जवळ आहे, ज्या कामासाठी तो बसला आहे त्या कामाचे शिक्षण ज्याने घेतले आहे, जो आपल्याला ओळखतो आणि स्वतःच्या मर्यादाही ओळखतो, तो पहिला डॉक्टर. असा माणूस प्रत्येक वस्तीला देणे हे शासनाचे काम आहे. त्याला ओळखून त्याच्याकडे वेळेवर जाणे आणि तो नसेल तर त्याची मागणी करणे, हे आपले काम आहे.